हातगुण आणि दोन मीटरची केबल

आमच्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयात गेल्या वर्षी एका मुलीचं काम गेलं. चोरी नाही, कामचुकारपणा नाही, कुणाला उलट उत्तरसुद्धा नाही. तिचा हातगुण वाईट ठरला, एवढंच. कार्यकारी मंडळाच्या इतिवृत्तात हा शब्द अर्थातच सापडणार नाही. तिथे ‘मानधनाची तरतूद संपल्यामुळे’ असं सभ्य वाक्य आहे. पण बैठकीनंतर चहाच्या वेळी जो शब्द उच्चारला गेला तो हाच, आणि तो उच्चारला जात असताना मीही तिथेच बशीत चहा ओतत उभा होतो. गप्प होतो.

तिचं काम स्कॅनिंगचं. गावातल्या जुन्या घरांनी विश्वासाने आणून दिलेले मोडी कागद, बंद पडलेल्या साप्ताहिकांच्या बांधीव फायली. ए-फोर आकाराचं पान सहाशे डीपीआयवर रंगीत घेतलं, तर न आवळता ठेवलेलं एकेक चित्र शंभर एमबीच्या घरात जातं. अशी हजारो पानं ठेवायला एक टीबीची बाहेरून जोडायची एसएसडी घेतली होती; तळहातावर मावेल एवढी, देणगीदाराचं नाव चिकटवलेली. तीन-चार आठवडे सुरळीत गेले. मग एके सकाळी ड्राइव्ह जोडल्यावर संगणकाने सांगितलं की हिच्यात बिघाड आहे, तपासून दुरुस्त करा. बटण दाबलं, दोन मिनिटांत ‘दुरुस्ती पूर्ण’ असं उत्तर आलं. सगळे खूश. आठ-दहा दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा बटण. हा क्रम चार महिने चालला.

त्या चार महिन्यांत आम्ही काय काय केलं ते सांगायला हवं. एकदा फॉरमॅट केली. खंडेनवमीला संगणकाची पूजा झाली तेव्हा ड्राइव्हलाही हळदकुंकू लागलं. (त्यातलं थोडं जोडणीच्या भोकात गेलं होतं, ते नंतर ब्रशने काढावं लागलं.) टेबलाच्या कडेला लिंबू-मिरची आली, कोणी बांधली हे आजवर कोणी कबूल केलेलं नाही. शेवटी नवी ड्राइव्ह घेतली. आणि नव्या ड्राइव्हवरही पंधरा दिवसांत तोच संदेश आला, तेव्हा कोणीतरी म्हणालं, ‘ड्राइव्ह बदलली तरी बिघाड तोच. मग न बदललेलं काय आहे? ती पोरगी.’

या वाक्यातली तर्काची पहिली पायरी अगदी बरोबर आहे. ड्राइव्ह बदलूनही चूक येत असेल तर ती ड्राइव्हमध्ये नसावी, जे बदललेलं नाही त्यात शोधावी. पायरी बरोबर चढले आणि दुसऱ्याच्या घरात शिरले. केबलही बदलली नव्हती. हबही तोच होता. संगणक तोच, त्याची मेमरी तीच, जोडायचं भोक तेच, घाईघाईने ओढून काढायची आम्हा सगळ्यांची सवय तीच. या सगळ्यांतून नजर नेमकी मुलीवर का गेली? कारण तिला दोष द्यायला काही शिकावं लागत नाही. घरात नवी सून आली आणि गाय आटली की पायगुण काढायचा, हे आपण शिकून-सवरून आत्मसात केलेलं आहे. पायगुणाचा हातगुण झाला आणि घरातून कचेरीत आला, इतकाच फरक.

आता थोडं तांत्रिक. मी बँकेत आयुष्य काढलं, त्यामुळे मला हे बँकेच्याच भाषेत समजलं आणि तसंच सांगतो.

ड्राइव्हवर फायली असतात, आणि त्या कुठे आहेत, किती मोठ्या आहेत याची एक खतावणी असते. या व्यवस्थेला फाइल सिस्टिम म्हणतात. एक फाइल लिहायची म्हणजे खतावणीत दोन-तीन ठिकाणी नोंद करावी लागते: अमुक जागा व्यापली, अमुक नावाची फाइल इथून सुरू होते, तिची लांबी इतकी. या नोंदी पुऱ्या व्हायच्या आत वीज गेली किंवा केबल सुटली तर एक नोंद झालेली आणि दुसरी राहिलेली, अशी अवस्था होते. जुन्या पद्धतीच्या कारकुनाला यावरचा उपाय ठाऊक होता: आधी किर्दीत लिहायचं, मग खतावणीत चढवायचं. मध्येच दिवे गेले तर सकाळी किर्द काढून बसावं. विंडोजची एनटीएफएस पद्धत १९९३ पासून खतावणीतल्या बदलांसाठी अशी किर्द ठेवते. आमची ड्राइव्ह होती एक्सफॅट पद्धतीची. मायक्रोसॉफ्टने ती २००६ मध्ये आणली. विंडोजवरही चालते आणि मॅकवरही, म्हणून बाहेरच्या बहुतेक ड्राइव्ह दुकानातून तशाच येतात. तिच्यात किर्द नाही. ती थेट खतावणीत लिहिते. सुरुवातीला एक खूण करते, ‘वही उघडी आहे’, आणि नीट बंद करताना ती खूण पुसते. पुढच्या वेळी खूण तशीच दिसली तर संगणक कुरकुरतो.

म्हणून एकदा आलेला संदेश किरकोळही असू शकतो. कोणीतरी न विचारता ड्राइव्ह ओढली असेल, नुकसान शून्य असेल. पण तोच संदेश दर आठवड्याला येत असेल, तर पुन्हा पुन्हा कोणीतरी उघड्या वहीवर दिवे घालवतं आहे. तो कोण हे न शोधता बटण दाबत राहणं म्हणजे काय करणं, ते मला फार उशिरा कळलं.

दुरुस्तीचं बटण खतावणी जुळवतं. एवढंच करतं. हरवलेला मजकूर ते परत आणत नाही, तसा दावाही करत नाही. तो अर्थ आपण त्याला चिकटवतो. जी नोंद जुळत नाही ती ते खोडून टाकतं, आणि ज्या तुकड्याचा मालक सापडत नाही तो बाजूला काढून ठेवतं. आमच्या बँकेत दिवसअखेर मेळ बसला नाही की फरक ‘सस्पेन्स’ खात्याला टाकत. मेळ बसायचा, साहेब सही करायचे, सगळे वेळेवर घरी. कुणाचे तरी पैसे मात्र सस्पेन्समध्ये पडून राहायचे, आणि चांगला शाखाधिकारी तोच, ज्याला सस्पेन्सच्या शिलकेमुळे झोप लागत नसे. विंडोजचं सस्पेन्स खातं म्हणजे ‘फाउंड.०००’ नावाचा लपवलेला फोल्डर. लिनक्समध्ये त्याला ‘लॉस्ट अँड फाउंड’ म्हणतात, हे जरा प्रामाणिक. आमच्या ड्राइव्हवरचा तो फोल्डर मी पहिल्यांदा उघडला तेव्हा आत तीनशेबारा तुकडे होते. नावं नाहीत, तारखा नाहीत, फक्त क्रमांक. त्यांतले चाळीसच्या आसपास पुन्हा चित्र म्हणून उघडले. एकात मोडीचा मायना होता आणि अर्ध्यावर करडा पट्टा.

चार महिने आम्ही ‘दुरुस्त झालं’ म्हणत पानं खोडत होतो. मूळ कागद ज्यांचे त्यांना परत केलेले. त्यातल्या एका घराने दरम्यान वाडा विकला आणि दप्तर रद्दीत घातलं. त्यांना दोष कसा देणार? आम्हीच त्यांना सांगितलं होतं, ‘आता काळजी नको, सगळं संगणकावर आहे.’

इथे माझा मुख्य आरोप आहे, आणि तो स्वतःवरही आहे. आपला कागद आपण हरवला तर ती हानी. दुसऱ्याने विश्वासाने दिलेला कागद कारणाची चौकशी न करता हरवू दिला, तर तो विश्वासघात. चौकशीचा कंटाळा हा साधा आळस आहे असं आपण मानतो. पण जिथे दुसऱ्याची ठेव आपल्या हाती असते, तिथे त्या कंटाळ्याला दुसरं नाव द्यावं लागेल. शिवाय ही चौकशी न करण्याची किंमत आम्ही दिली नाही. ती तीनशेबारा तुकड्यांनी आणि महिना साडेचार हजार मानधनावरच्या एका मुलीने दिली.

मी चौकशीला लागलो तो काही सद्‌गुणामुळे नव्हे. ती गेल्यावर स्कॅनिंगला कोणी मिळेना, म्हणून मी बसलो, आणि दहाव्या दिवशी संदेश माझ्या हातून आला. म्हणजे हातगुण माझाही वाईट निघाला. माझ्याबद्दल मात्र चहाच्या वेळी कोणी काही बोललं नाही.

पुण्यात संगणकांचंच काम करणाऱ्या भाच्याला फोन केला. तो म्हणाला, ‘मामा, दुरुस्तीचं बटण आधी दाबू नका. जे वाचता येतंय ते आधी दुसरीकडे उतरवून घ्या. मग बोलू.’ हा क्रम मी आता कोणालाही सांगतो: आधी प्रत, मग निदान, दुरुस्ती सगळ्यात शेवटी. ड्राइव्ह वाचतानाच अडखळत असेल तर सगळी ड्राइव्ह आहे तशी दुसरीवर उचलून घेणारी साधनं आहेत, लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू त्यातलं नावाजलेलं. दुरुस्तीचे प्रयोग त्या प्रतीवर करावेत. पंचनामा व्हायच्या आत घर धुऊन काढू नये, तसंच हे.

मग त्याने मला विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडायला लावला. हे वाचनालयाच्या आवक-जावक बारनिशीसारखं असतं; कोणी वाचत नाही, पण लिहिलं जातं. त्यात १५७ क्रमांकाच्या नोंदी होत्या. अर्थ: डिस्क अचानक काढली गेली. १२९ क्रमांकाच्या नोंदी होत्या: उपकरण उत्तर देत नव्हतं, म्हणून पुन्हा सुरू करण्याचा हुकूम सोडला. प्रत्येकीपुढे तारीख आणि वेळ. बहुतेक नोंदी मुलीच्या कामाच्या वेळेतल्या होत्या, हे मला कबूल केलं पाहिजे. ते पाहून क्षणभर मलाही वाटलं की लोक म्हणत होते त्यात काही असावं. पण तीन नोंदी रात्री नऊनंतरच्या होत्या, आणि दोन तिच्या सुट्टीच्या दिवशीच्या. रात्री नऊनंतर वाचनालयाची किल्ली कोणाकडे असते हे गावात सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या घरच्या लग्नाचे फोटो त्याच ड्राइव्हवर होते. ते बघून झाले की ड्राइव्ह सरळ ओढली जायची. त्या हातांना मात्र हातगुण नसतो, मान असतो.

पण मग तिच्या वेळेतल्या नोंदींचं काय? ती कामावर असली की चूक होते, हे निरीक्षण खोटं नव्हतंच. उलगडा असा झाला. आमचा स्कॅनर बारक्या चणीचा, वेगळी वीज न लागणारा, यूएसबीवरच चालणारा. ड्राइव्हही यूएसबीवर. दोन्ही एकाच चार तोंडांच्या हबला जोडलेले, आणि हबला स्वतःचा अडॅप्टर नाही. यूएसबी ३.० चं भोक प्रमाणाप्रमाणे पाच व्होल्टवर नऊशे मिलीअँपिअर देतं, म्हणजे साडेचार वॅट. हब तेवढंच वाटून देतो, स्वतःकडून काही घालत नाही. भरभर लिहिणारी एसएसडी एकटीच तेवढी वीज खाऊ शकते. त्यात मुलगी पान ठेवून स्कॅनर सुरू करायची, त्याचा दिवा आणि मोटार ओढ घ्यायची, आणि लिहीत असलेली ड्राइव्ह क्षणभर बेशुद्ध पडायची. ती काम करायची म्हणून चूक व्हायची. बसून राहिली असती तर तिचा हातगुण उत्तम ठरला असता.

कशामुळे ते पक्कं करायला एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जिथल्या तिथे. ही शिस्त सांगायला सोपी आहे, पाळायला फार जड; उतावीळपणे केबल, हब आणि भोक एकदम बदलावंसं वाटतं, आणि मग बरं झालं तरी कशाने झालं ते कळत नाही. मी दोनशे जीबीचं एक गाठोडं केलं आणि तेच पुन्हा पुन्हा ड्राइव्हवर उतरवलं. दर खेपेला प्रत्येक फाइलीचा अंगठा घ्यायचा. एसएचए-२५६ नावाच्या गणिताने कोणत्याही फाइलीचा चौसष्ट अक्षरांचा ठसा निघतो. एक ठिपका बदलला तरी ठसा सगळा बदलतो. साधन विंडोजमध्येच असतं. जुना हब, जुनी केबल, स्कॅनर चालू: तिसऱ्या खेपेला ड्राइव्ह गायब. स्कॅनर बंद: सातव्या खेपेला. हब काढून ड्राइव्ह थेट संगणकाच्या मागच्या भोकात, केबल जुनीच: मला वाटलं सुटलो, पण अकराव्या खेपेला पुन्हा ‘टुंग’ आवाज. तेव्हा केबलकडे पाहिलं. ड्राइव्हबरोबर आलेली वीतभर केबल केव्हाच हरवली होती आणि कोणीतरी मोबाइलच्या दुकानातून दोन मीटरची आणली होती, टेबलाखालून नेता येते म्हणून. तार बारीक आणि लांब, की पलीकडे पोचेपर्यंत विजेचा दाब घटतो. टोकाशी ती सैलही झाली होती. नवी अर्ध्या मीटरची केबल लावली. तीस खेपा. एकही ठसा चुकला नाही.

दरम्यान बाकीच्या शंकाही फेडल्या. संगणकाची मेमरी रात्रभर तपासली, कारण सदोष मेमरीही निरोगी ड्राइव्हवर कचरा लिहू शकते. स्वस्तात मिळणाऱ्या काही ड्राइव्ह सांगतात एक टीबी आणि आत असते चौसष्ट जीबी. भरली की गुपचूप जुन्यावरच लिहू लागतात. एफ-थ्री किंवा एचटूटेस्टडब्ल्यू हे कार्यक्रम ड्राइव्ह काठोकाठ भरून परत वाचतात आणि ही लबाडी उघडी पाडतात. आमच्या दोन्ही ड्राइव्ह खऱ्या निघाल्या. ड्राइव्ह स्वतःची प्रकृती नोंदवते, ती स्मार्ट माहिती पाहिली. माध्यमातल्या चुका शून्य, ‘असुरक्षितपणे बंद’ झाल्याची गणती चारशेवर. (काही ड्राइव्ह नीट काढल्या तरी ही गणती वाढते, म्हणून एकट्या तिच्यावर निकाल देऊ नये.) पहिली ड्राइव्ह आम्ही निष्कारण बाद केली होती. ती आता कपाटात आहे, ठणठणीत.

कधीकधी दोष खरोखर ड्राइव्हच्या पोटात असतो. २०१९ मध्ये ह्युलेट पॅकार्ड एंटरप्राइज या कंपनीने आपल्या ग्राहकांना कळवलं की काही एसएसडी चालू अवस्थेतले ३२,७६८ तास भरताच कायमच्या मरतील, माहितीसकट. आतला फर्मवेअर बदलून घ्या. तीन वर्षं, दोनशे सत्तर दिवस आणि आठ तास. संगणकाची आकडेमोड जाणणाऱ्याला तो आकडा लगेच ओळखू येतो: दोनाचा पंधरावा घात. कुठल्यातरी काउंटरची पाटी भरली. एकाच दिवशी बसवलेल्या ड्राइव्ह एकाच वेळी मेल्या असत्या, आणि त्या वेळी पाळीवर कोण होतं हे विचारणारा माणूस जगात कुठेही निघाला असता. फरक इतकाच की तिथे आकडा पाहणारंही कोणी होतं.

माझे काही मित्र म्हणतात, तू फार मोठं करतोस, हातगुण ही बोलायची पद्धत आहे. असेल. आपल्या राज्यात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यासाठी किती मोलाचा माणूस गेला ते आपण जाणतो. त्या कायद्यात हातगुण बसत नाही आणि बसूही नये. चहा पिताना उच्चारलेल्या शब्दाला पोलीस लागत नाहीत. पण ज्या बोलायच्या पद्धतीने एखादीची रोजी जाते ती नुसती बोलायची पद्धत राहत नाही. आणि पुरुषाचा हातगुण आपण बहुधा चांगलाच ऐकतो, वैद्याचा, आंबे उतरवणाऱ्याचा. वाईट हातगुण आणि पांढरा पाय कोणाच्या वाट्याला येतो ते ज्याने त्याने आपल्या घरात मोजावं. आमच्या वाचनालयात संगणकाच्या वरच्याच फळीवर आगरकरांचे निबंध आहेत. त्यांचा ‘सुधारक’ १८८८ मध्ये निघाला. लिंबू-मिरचीचा दोरा त्याच फळीच्या खिळ्याला बांधला होता.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी सगळ्या नोंदी छापून नेल्या. रात्रीच्या तीन नोंदींवर कोणी बोट ठेवलं नाही, मीही ठेवलं नाही, भित्रेपणाच म्हणा. ठराव तीन झाले. पहिला, प्रत्येक पानाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या जातीच्या माध्यमांवर, एक गावाबाहेर. पानशेतचं पाणी ज्यांनी १९६१ साली पाहिलं त्यांना ‘गावाबाहेर’ हा शब्द समजावून सांगावा लागला नाही. दुसरा, ड्राइव्ह कपाटात वर्षानुवर्षं पडू द्यायची नाही, कारण एसएसडीत माहिती विजेच्या भारावर तगते आणि तो भार विजेवाचून हळूहळू झिरपतो. ठराविक दिवसांनी जोडून ठसे पडताळायचे. ड्राइव्ह आता फक्त विंडोजवर लागते, तेव्हा प्रती काढून झाल्यावर ती एनटीएफएस केली. तिसरा ठराव मुलीला परत बोलावण्याचा. त्याला दिलगिरीचा शब्द जोडावा अशी माझी सूचना होती, ती ‘अनावश्यक’ म्हणून गळली. म्हणून मी तिच्या घरी गेलो आणि माझ्यापुरतं बोलून आलो.

तिने दुसरीकडे काम धरलं होतं. तरी एका रविवारी आली, नवी जोडणी पाहिली, ठशांची वही चाळली. मग विचारलं, ‘काका, ती जुनी केबल कुठंय?’ मी म्हटलं, आहे इथेच कुठेतरी. शोधली तर ती ग्रंथपालांच्या टेबलावर सापडली, त्यांचा मोबाइल चार्ज करत. फेकवत नाही ना कोणाला, चार्जिंगला चालते. तिने मोबाइल काढून बाजूला ठेवला आणि माझ्याकडे कात्री मागितली.